ओल्या सालाचं पान

“आणखी कशानं झालं असेल?” असं विचारताना ती चष्मा कपाळावर सरकवायची आणि समोरच्याकडे बघत राहायची. मला तो प्रश्न मुळीच आवडत नसे. चोर समोर उभा असताना चोरी आणखी कशानं झाली असेल, हे कोण विचारतं?

ती अर्थशास्त्राची बाई. व्यापाऱ्यांनी संगनमत करून भाव पाडला की नाही, हे तपासून कोर्टाला सांगायचं, हे तिचं काम. मोठमोठ्या कंपन्यांच्या खटल्यांत तिची साक्ष व्हायची म्हणे. जन्म इकडचाच, सानगडी गावचा, राहणं मुंबईत. आमच्या बाजारातल्या पाच धान व्यापाऱ्यांवर आम्ही बायकांनी तक्रार केली, तेव्हा वकिलानं तिला बोलावलं. महिनाभर ती माझ्याच घरी राहिली. मी चौथी शिकलेली. तिचे कागद मला कळत नव्हते, पण माणूस कळतं.

तक्रार साधी होती. धान नेलं की व्यापारी दाणा दाताखाली तोडून बघतो. कटकन तुटला तर वाळलेला, चेपला तर ओला. हे पाचही जण दाणा तोडायचे आणि पाचही जण म्हणायचे, “ओला हाय.” मग पोत्यामागे सारखीच कपात. तीन सालं हेच चाललं होतं.

तिनं माझ्या ढोलीतलं, म्हणजे कणगीतलं, मागच्या सालचं, खडखडीत वाळलेलं धान मागितलं. पाच वाटे केले आणि पाच बायकांना एकाच दिवशी पाच दुकानांत पाठवलं. पाचही ठिकाणी धान ओलं!

“झालं, सापडले!” मी म्हटलं.

“आणखी कशानं झालं असेल, आजी?”

“त्यायचे दात किडले असतील!”

ती हसली नाही. तेच धान घेऊन दुसऱ्या दिवशी सानगडीच्या बाजारात गेली. तिथल्या म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं दाणा तोडला आणि म्हणाला, “बाई, दात पाडता काय माहे?” हेही तिनं लिहून घेतलं.

मग तिनं ओल्या सालाचं काढलं. तीन सालांतल्या मधल्या साली कापणी झाल्यावर पाऊस आला होता. कापलेलं धान बांधीत, म्हणजे शेतातच, भिजत पडलं होतं. त्या सालची कपात खरीही असू शकते, असं तिनं अहवालात लिहिलं. माझं सगळ्यांत जास्त धान त्याच साली विकलं गेलं होतं.

“तू आमच्याकडून आहेस का त्यायच्याकडून?”

“आजी, त्या साली तुमचं धान पाण्यात होतं की नाही?”

“होतं. पण त्यायले कायले सांगतेस?”

“त्यायले नाही, कोर्टाले सांगून राहिली.” एरवी पुस्तकी बोलायची, चिडली की सानगडी बाहेर यायची.

वकीलही तापला. “मॅडम, हे पान काढा.”

“पान काढायचं तर मलाही काढा,” ती म्हणाली आणि जेवायला बसली. मी वाढलं, पण दोन दिवस बोलले नाही.

सुनावणी आम्ही बायकांनी वकिलाच्या कचेरीत पडद्यावर पाहिली. समोरचा वकील मोठ्या ऐटीत पावसाचा कागद नाचवत होता. “त्या वर्षी पाऊस झाला होता, हे तुम्हाला ठाऊक होतं का?”

“होतं. अहवालात लिहिलं आहे. ते वर्ष मी हिशेबात धरलेलंच नाही.”

तो पानं उलटत राहिला. सापडलं तेव्हा पाणी प्यायला. पुढं त्यानं तासभर विचारलं, पण बाई तसूभर हलली नाही. तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही कळलं असतं की आता हिला कोणी खोटं पाडू शकत नाही.

निकाल दोन सालांपुरता आमच्या बाजूनं लागला. ओलं साल गेलं. शेजारणी पेढे वाटत होत्या. माझ्या हाती फारसं काही येणार नव्हतं.

त्यानंतर ती एकदाच आली. आता कुठल्याशा औषधांच्या खटल्यात आहे म्हणतात. तेव्हा जे सांगायचं ते फोनवर सांगता आलं असतं, पण उन्हातून बसनं आली आणि ओसरीवर उभी राहूनच म्हणाली, “आजी, तुमचं त्या सालचं माझ्यामुळे गेलं.”

“बस. ते पान वाचून दाखव.”

तिनं वाचलं. पाऊस कधी आला, धान किती दिवस पाण्यात होतं, सगळं आम्ही सांगितलं तसंच होतं. एक शब्द वाढवलेला नव्हता. अर्ध्यावर तिनं कागद खाली केला.

“थांबतेस काहून?” मी म्हटलं. “खरं आहे ना? वाच पुढं.”