सर आधी उठून बघायचे

कंपनीची बस दापोडीला थांबली, पण वाघमारे सर चढले नाहीत. त्यांच्या गल्लीतला एक माणूस दाराशी येऊन ड्रायव्हरला म्हणाला, "वाघमारे गेले राव, पहाटे. छातीत कळ आली." पिंपरी येईपर्यंत त्यांच्यासाठी धरलेल्या जागेवरची माझी पिशवी तशीच राहिली...

संगणक विभागात ते माझ्या शाळेवरून मला 'कॉन्व्हेंट' म्हणत. "काय कॉन्व्हेंट, आजही मौनव्रत?" असं विचारत ते पुढे जात. मुख्य यंत्र त्यांच्या ताब्यात होतं. डब्ल्यू हे एक अक्षर टाइप केलं की कोण त्याला जोडलेल्या कुठल्या टर्मिनलवर आहे, काय चालवतंय आणि किती वेळ त्याने एकही कळ दाबलेली नाही, हे त्यांच्या पडद्यावर उमटे. यंत्र बंद करताना कुणाचं काम अर्धवट तुटू नये, म्हणून ते बघत.

विभागाच्या साहेबांना मात्र त्यात हजेरी दिसली. मी तेव्हा प्रोबेशनवर होते आणि वडिलांची कंपनी बंद पडून त्यांची नोकरी गेली होती. माझ्या नावापुढे दुपारभर रिकामा वेळ दिसे. "ही मुलगी झोपते काय?" साहेबांनी माझ्यादेखत विचारलं. मी प्रोग्राम आधी कागदावर लिहायचे, खोडायचे, मग एकदम टाइप करायचे. एवढंही मला सांगता येईना. सर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "साहेब, यात बोटं दिसतात. डोकं बघायचं तर तिच्या टेबलापर्यंत जावं लागतं. मी जाऊन आलोय." साहेब काही आले नाहीत, पण मला कायम केलं. आभार मानायचं धाडस झालं नाही. मी बसमध्ये सरांची जागा धरायला लागले.

आता त्यांची खुर्ची माझ्याकडे आहे. रिकामं बसणाऱ्यांची नावं साहेब रोज मागतात. परवा स्टोअर्सच्या टर्मिनलवर बराच वेळ हालचाल नव्हती. हल्ली फार थकल्यासारखं होतं. त्यात स्टोअर्स, म्हणजे मालाचं कोठार, शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मला अजूनही अवघड जातं. नाव लिहून मोकळं होणं सोपं होतं... तरी मी उठले. तिथले निघोजे गावचे क्लार्क शिडीवर चढून बोल्टांची खोकी उघडत होते. मला पाहून वरूनच म्हणाले, "मोजल्याबिगर काय टायपू, मॅडम? आकडं काय सपनात येत्यात व्हय?"

संध्याकाळी साहेबांनी नाव विचारलं. मी म्हणाले, "ते कामात होते. मी जाऊन आलेय."