चहाबंदीवाला

भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता, तेव्हाची गोष्ट. आमच्या मजूर कॅम्पात एका बारक्या पक्षाचा उमेदवार मतं मागाले सायकलवर यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. चहाच्या टपरीच्या टिनावर त्यानं गेरूनं लिहिलं होतं: दारू बंद, बिडी बंद, चहा बंद.

लोक मोठ्या पक्षावर नाराज होते, पण बिडी सोडाले कोणी तयार नव्हतं. मग तो दर आठवड्याले ओल्या फडक्यानं एकेक ओळ पुसायचा. आधी दारू गेली, मग बिडी. "तत्त्व तेच हाय भाऊ, जरा पातळ केलं," म्हणायचा. शेवटी चहाही पुसला आन आमच्यातच बसून बशी तोंडाले लावली.

मी तर तिन्हीले कधी शिवलो नव्हतो. म्हटलं, "चहा बंद होता तोवर माझं मत तुमालेच होतं. आता नाही."

तो घाबरला. बशी खाली ठेवून टिनाच्या मागं गेला आन बारीक अक्षरात लिहिलं: चहा बंद. "हे फक्त तुमच्यापुरतं, भाऊ. कोणाले सांगू नका." मग येऊन उरलेली बशी संपवली.

मी मत त्यालेच दिलं, आन आजवर कोणाले सांगितलंही नाही. दोघांतला एक तरी शब्दाचा पक्का पाहिजे.