गजभिये सरांची जपानी पुस्तके रद्दीत

मी प्रकाश नारायण मेश्राम, वाणिज्य पदवीधर, वय चौपन्न, सध्या जपानी भाषेच्या पदव्युत्तर वर्गाचा विद्यार्थी. आज दुपारी आमच्या महाविद्यालयात जे घडले, ते सांगून आपली मदत मागण्यासाठी लिहीत आहे.

आमचे दिवंगत शिक्षक गजभिये सर यांनी आयुष्यभर जमवलेली जपानी पुस्तके ग्रंथालयाला दिली होती. माझा प्रबंध त्यांवरच उभा आहे. आज ती रद्दीच्या पोत्यांत भरलेली दिसली.

ग्रंथालयाचे लिपिक म्हणाले, "सर, साऱ्या पुस्तकांची छपाईच उल्टी हाय. पहिलं पान मांगं, शेवटचं पुढं. कमिटीनंच लिहून देल्लं."

मी एक पुस्तक उघडून दाखवले. जपानी ओळी वरून खाली, उजवीकडून डावीकडे जातात. म्हणून आपले पुस्तक जिथे संपते, तिथे त्यांचे सुरू होते. समासात सरांची पेन्सिलीतली मराठी टिपणे होती.

"बापा! मंग हे तर चांगले हायेत," ते ओशाळले. "पण सह्या झाल्या नं. आता मले हात लावता येत नाही."

त्यांच्यावर माझा राग नाही. 'सदोष छपाई' असा शेरा मारणाऱ्या कमिटीतल्या तिघा प्राध्यापकांवर आहे. जपानी न येणे हा दोष नव्हे. परंतु जपानीचा वर्ग ग्रंथालयाच्याच मजल्यावर भरत असताना तिथे येऊन विचारण्याचेही कष्ट या विद्वानांना नकोत?

उद्या अकराला रद्दीवाला येईल. मी दहालाच ग्रंथालयाच्या दाराशी उभा असेन. सरांच्या विद्यार्थ्यांनो, आपल्यापैकी किती जण येणार?

प्रकाश ना. मेश्राम
नागपूर, दि. १२ ऑगस्ट २०२५