शटरवाल्या ऑफिसातला गणपती

आमच्या कॉम्प्लेक्सच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. बिल्डरच्या रंगीत पत्रकात तिला 'उद्यान' म्हटलं होतं. प्रत्यक्षात तिथे दोन गुलमोहर, एक मोडकी घसरगुंडी आणि वाटेल तेवढं गवत. पण बोईसरमध्ये एका इमारतीतली चादर दुसऱ्या इमारतीच्या खिडकीत वाळते, तिथे एवढी जागा म्हणजे आमचं वैभवच. सकाळी म्हातारी माणसं फिरतात, दुपारी बायका पापड घालतात आणि संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळून माझ्या काचा फोडतात. मी पहिल्या मजल्यावर राहते. काच फुटली की मी ओरडते, आणि माझं ओरडणं पार शेवटच्या विंगपर्यंत ऐकू जातं म्हणे. जात असेल. देवाने आवाज दिलाय तो काय लोणचं घालायला?

माझ्या खाली, तळमजल्यावर, मावशी राहते. माझी सख्खी मावशी नव्हे, सगळं कॉम्प्लेक्सच तिला मावशी म्हणतं. ती तारापूरकडच्या मच्छीमार घरातली. नवरा गेल्यावर सासरचं घर दिरांकडे राहिलं आणि ही मुलीला घेऊन बोईसरला आली. बाजारात मासळी विकून तिने मुलीला शिकवलं, आणि ती मुलगी आता एमआयडीसीतल्या एका कंपनीत लॅबमध्ये काम करते. तिचं लग्न ठरलं, वैशाखातलं. मुलगा वाणगावचा, स्वभावाने गरीब. मी आपली उत्साहाने म्हणाले, "मावशी, हॉल बघायला कधी जायचं?"

मावशीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला शिळी मासळी ताजी म्हणून विकायला सांगितली.

"हॉलमदी लगीन? आमच्यात पोर आईच्या दारातल्या मांडवातून निगते. हॉलमदून निगाली तं ती कोनाच्या दारातून गेली?"

मावशीचं दार थेट त्या मोकळ्या जागेवर उघडतं. मांडव तिथेच, दारासमोर, घालायचा हे तिने कधीचं मनात धरलं होतं. उंबराची फांदी कुठे रोवायची ती जागासुद्धा तिने मला दाखवली. साऱ्या जगात तिचं स्वतःचं म्हणावं असं ते एकच दार होतं, त्यामुळे मी हॉलचा विषय परत काढला नाही.

आणि नेमकं त्याच दारासमोर, पौषातल्या एका शनिवारी सकाळी, विटांचा ट्रक येऊन उभा राहिला.

शनिवार का, ते शहाण्याला सांगायला नको. सरकारी कार्यालयं बंद. सोमवारी कोणी जागं होईपर्यंत भिंती खांद्याएवढ्या झालेल्या असतात. मी गॅलरीतून विचारलं, काय चाललंय? खाली आमचे चेअरमन हेल्मेट घालून उभे होते. वरून काहीही पडण्यासारखं नव्हतं, पण हेल्मेट होतं. ते म्हणाले, "सोसायटीचं ऑफिस होतंय, वहिनी. ठराव झालाय."

चेअरमन माणूस भला आहे, हे आधीच सांगून ठेवते. मोटर बिघडली की स्वतः टाकीत उतरतात. कोणाकडे मयत झालं तर पहिले हेच धावतात. पण जावई म्हटला की त्यांच्या पाठीचा कणा वाकतो. मी खाली उतरून बांधकाम नीट पाहिलं. खोलीचं तोंड कॉम्प्लेक्सकडे नव्हतंच, मागच्या रस्त्याकडे होतं, आणि दाराच्या जागी रुंदच्या रुंद भोक सोडलेलं. मी गवंड्याला विचारलं, "भैया, इधर दरवाजा कितना बडा लगेगा?"

"दरवाजा नहीं दीदी, शटर लगेगा," तो विटेवर सिमेंट थापत म्हणाला. "दुकान में शटर ही अच्छा रहता है."

ऑफिसला शटर! माझं डोकं जे सणकलं ते विचारू नका. जावयाला हार्डवेअरचं दुकान काढायचं होतं हे साऱ्या कॉम्प्लेक्सला ठाऊक, आणि आम्ही सही केली ती म्हणे ऑफिसच्या ठरावावर. मी चेअरमनना तिथेच, गवंड्यासमोर, चार गोष्टी सुनावल्या. ते म्हणाले, जागा सोसायटीची आहे, तुम्ही कोण विचारणार? मग मीही इरेला पेटले.

सोमवारी रजा टाकून मी पालघर गाठलं. नगररचना कार्यालयातल्या साहेबांनी आमचा मंजूर नकाशा काढून टेबलावर पसरला आणि मधल्या हिरव्या चौकोनावर पेन टेकवलं. "ही जागा बिल्डरची नाही, तुमच्या सोसायटीचीही नाही. ही सार्वजनिक. इथे कोणालाच बांधता येत नाही," ते म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी त्यांना लग्नाचं आमंत्रणच देऊन टाकलं. लग्न कोणाचं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

नोटीस लागली. काम थांबलं. भिंती उभ्या, वर पत्रे, शटर अजून यायचं होतं. साहेबांची माणसं खोली पाडायला येणार, तो दिवसही ठरला. मावशीने मांडववाल्याला बोलावून जागेचं मापही घेऊन ठेवलं. मी कॉम्प्लेक्समध्ये मान वर करून हिंडत होते.

आणि नेमक्या त्याच दिवशी, माघी गणेश जयंतीच्या सकाळी, घंटा वाजली.

धावत खाली उतरून मागच्या रस्त्यावरून पाहते तर खोलीत झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, आणि मधोमध पाटावर गणपती! चेअरमन सोवळं नेसून, कपाळभर गंध लावून, 'सुखकर्ता दुखहर्ता' म्हणतायत. बाजूला जावई टाळ वाजवतोय, तोही बेताल. रस्त्याने जाणारी माणसं चपला काढून आत शिरत होती. तासाभरात प्रसादाची रांग लागली. काल माझ्याबरोबर 'अतिक्रमण हटवा' म्हणणाऱ्या दोघीजणी त्या रांगेत उभ्या होत्या, आणि त्यांतली एक मलाच म्हणते, "पेढा छान आहे हो."

ठरल्याप्रमाणे साहेबांची माणसं आली. साहेबही आले. खोलीच्या दाराशी त्यांनी बूट काढले, हात जोडले, डोळे मिटले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, कायद्याने मी खोली आज पाडू शकतो. पण पूजेतल्या देवाला हात लावायला मी कोणाला सांगू? आधी तुम्ही आपसांत काय ते ठरवा. खोली रिकामी करा, मी लगेच येतो." त्यांनाही प्रसाद मिळाला.

मी घरी येऊन भांडी आपटली. आमचे हे म्हणाले, "आता देवाशी भांडू नकोस."

"देवाशी कोण भांडतंय? देवाच्या मागे जो दडलाय त्याच्याशी भांडतेय!"

पण खरं सांगते, मला रडू आलं. खाली मावशीचं दार बंद होतं. ती दुपारी बाजारातून आली, टोपली दारात ठेवली आणि समोरच्या त्या खोलीकडे बघत उंबऱ्यावर नुसती बसून राहिली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, मावशी, माझ्याच्याने आता काही होत नाही. देव आला मध्ये.

ती उठली, हातपाय धुतले, लुगडं बदललं आणि समोर दर्शनाला गेली. मी मागोमाग जाऊन बाहेर रस्त्यावरून बघत होते. तिने फूल वाहिलं, नमस्कार केला, मग जरा पुढे वाकून मूर्ती न्याहाळत राहिली. परत आली तेव्हा चेहराच वेगळा. मला म्हणाली, "मूर्ती मातीची हाय गं."

"मग?"

"मग काय मग? संद्याकाली आरतीला समद्या बायांना घेऊन ये."

संध्याकाळी आम्ही झाडून साऱ्या बायका गेलो. चेअरमनना वाटलं, जिंकलो. आम्ही आरत्या म्हटल्या, त्यांतली एकसुद्धा सोडली नाही. घालीन लोटांगण झालं, मंत्रपुष्पांजली झाली. चेअरमन खुशीत नारळ फोडून खोबरं वाटू लागले. मावशीने खोबरं घेतलं, डोळ्याला लावलं, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "चेअरमन, गनपती किती दिसांचा?"

आता आपल्याकडे हा प्रश्न विचारला की माणूस विचार करत नाही. नाव विचारलं की नाव सांगतो, गाव विचारलं की गाव, तसं हेही तोंडातून आपोआप बाहेर पडतं. चेअरमन खोबरं वाटता वाटता म्हणाले, "आमच्याकडे दीड दिवसाचा. वडिलोपार्जित."

जावयाच्या हातातला टाळ खाली पडला.

"म्हंजे उद्या इसर्जन," मावशी म्हणाली. "माज्या भावाचा टेंपो सांगते. चिंचनीच्या समिंद्रावर नेऊ."

चेअरमनच्या लक्षात आलं, पण बाण सुटला होता. "नाही नाही, हा... हा कायमचा आहे. इथे मंदिरच करायचंय," ते घाईघाईने म्हणाले.

तेव्हा मागून आवाज आला तो चेअरमनच्या बायकोचा. ही बाई एरवी चारचौघांत तोंड उघडत नाही. म्हणाली, "मातीची मूर्ती कायमची ठेवतात का कुठे? प्राणप्रतिष्ठा तुम्ही केलीत ना? मग रोज सोवळ्याचा नैवेद्य कोण करणार? मी नाही करणार. सांगून ठेवते." आणि जावयाकडे वळून, "तुम्ही करणार का, जावईबापू? पहाटे उठून?"

जावईबापू पहाटे उठणाऱ्यांतले नव्हते. विसर्जन टाळलं तर घराला काय दोष लागेल, या भीतीने चेअरमनचा चेहरा उतरला. त्यांच्या घरात आजवर कधी दीड दिवसाचा गणपती दोन दिवस राहिला नव्हता. मी एक अक्षर बोलले नाही. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत अवघड पाच मिनिटं.

दुसऱ्या दिवशी काय मिरवणूक निघाली म्हणून सांगू! मावशीच्या भावाचा मासळीचा टेम्पो धुऊन, उदबत्त्या लावून आणला होता, तरी बांगड्याचा वास काही जाईना. चेअरमन मूर्ती मांडीवर घेऊन पुढे बसले, आम्ही मागे. बँजोवाले स्वतःहून आले. चिंचणीला वाळूवर उतरल्यावर उत्तरपूजा झाली, दहीपोहे झाले. मावशीचे भाऊ, भाचे कमरेएवढ्या पाण्यात शिरले. त्यांनी मूर्ती तीनदा बुडवून वर काढली आणि मग अलगद सोडली. चेअरमन रडत होते. गणपती गेला म्हणून की दुकान गेलं म्हणून, ते मी विचारलं नाही. मग बँजो सुरू झाला आणि हाच माणूस गुडघे दुखत असताना असा नाचला की मीही पदर खोचून शेजारी नाचले. आमचे हे लांब उभे राहून मला ओळखत नसल्यासारखं करत होते.

मी घरी आल्याबरोबर साहेबांना फोन लावला. दोन दिवसांत खोली पडली. पाडलेल्या भिंतींचं राबीट पसरून मैदानातले खड्डे भरले, आणि ती कल्पना चेअरमनचीच. स्वतः फावडं घेऊन उभे होते, पुन्हा हेल्मेट घालून.

लग्नाचं पहिलं आमंत्रण मावशीने देवाला दिलं आणि दुसरं चेअरमनच्या घरी. मला नाहीच! मी रुसले, तर म्हणाली, "तू घरातली हायस. घरातल्यांना कोन आमंत्रन देतं?" मग माझा रुसवा कुठे टिकणार.

मांडव दारासमोर पडला. उंबराची फांदी तिने दाखवलेल्याच जागी रोवली. हळदीला चेअरमनच्या बायकोने गाणी म्हटली, ती आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हती, आणि एक तर इतकं चावट होतं की मुलगी लाजून आत पळाली. पंगतीत चेअरमन वाढायला होते. आग्रह करून करून त्यांनी वरपक्षाचा जीव नकोसा केला. जावईसुद्धा पाण्याचे ग्लास भरत होता.

संध्याकाळी मुलगी निघाली. आईच्या दारातून, आईच्या मांडवातून. उंबऱ्यावर तिने मावशीच्या गळ्यात हात टाकले आणि दोघी कितीतरी वेळ सुटेनात. सगळ्या विंगमधली माणसं गॅलरीत येऊन उभी होती. मी हमसून हमसून रडत होते. मावशीच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं. तिने लेकीचा पदर सारखा केला, म्हणाली, "जा. दार उगडंच हाय." गाडी गेटबाहेर वळली.

मांडववाल्याने रात्रीच्या आत कनाती सोडल्या, बांबू उतरवले, खुर्च्या रचून नेल्या. माणसं पांगली. मावशी उंबऱ्यावर बसली होती, मी तिच्या बाजूला. समोर सारं मैदान मोकळं पडलं होतं, अगदी माझ्या मनासारखं, एकसुद्धा वीट नाही. मी समाधानाने म्हटलं, "बघ मावशी, कशी छान मोकळी झाली जागा."

मावशीने या टोकापासून त्या टोकापर्यंत मैदान पाहिलं.

"हो गं," ती म्हणाली. "पन येवडी मोटी हाय, ते नव्हतं दिसलं कदी." आणि मग ती रडली.