गप्प बसलेलं अंग

एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपास माझ्या ओळखीचा एक जण मंगरूळपीरच्या गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचा आणि मी समोरच्या कचेरीत कारकून होतो. बोलण्याआधी समोरची वस्तू अंगठ्यानं दाबून पाहायची त्याला खोडच होती. चहाच्या टपरीवरचा पाव, टरबूज, एकदा तर माझा सुजलेला गुडघासुद्धा.

एके दिवशी दवाखान्यात शिंगाचा कॅन्सर झालेला बैल आला. डॉक्टरांनी शिंग कापलं. आतली गाठ पाहून हा तडक टपरीवर माझ्याकडे आला.

"मले सांगा बाबूजी, बाभळीचा काटा रुतला तं अंग तापते, सुजते, पू करून त्याले भाईर फेकते. मंग एवढी मोठी गाठ वाढून राह्यली, तरी अंग गप्प काहून?"

"गाठ आपल्याच अंगाची ना," मी म्हणालो. "घरच्या माणसावर कुत्रं कसं भुंकेल?"

"का गाठीनंच कुत्र्याले काही खाऊ घातलं?"

 स्वतःच्याच प्रश्नावर तो खुशीत होता. विचार करता करता त्याचा अंगठा कानाखाली गेला आणि तिथल्या सुपारीएवढ्या गाठीवर फिरू लागला. ती मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"दुखते का?" मी विचारलं.

"तेच तं," तो म्हणाला. "जराबी नाई."