बसून करायचं काम

हडपसरच्या त्या कारखान्यात काम उभ्यानेच करायचं, हा नियम इतका जुना की तो कुणी काढला हेही कुणाला ठाऊक नव्हतं. यंत्रापाशी कुणी टेकलेला दिसला की फोरमन श्रीनिवास त्याचं नाव वहीत टिपायचा. कचरूने सत्तावीस वर्षं उभ्यानेच बेअरिंगांची मापं तपासली. आता वय चौपन्न, आणि दोन्ही गुडघे संपावर गेलेले.

दोन हजार साली कंपनीने स्वेच्छानिवृत्ती आणली. जुनी माणसं भराभर अर्ज देऊ लागली, तसा कचरूनेही भरला. त्याचा जीव कामातच होता. पण पाय ऐकेनात, आणि हे सांगणार कुणाला?

अर्ज घेऊन तो नव्या मॅनेजर नीरजा मॅडमपुढे उभा राहिला. पोरीच्या वयाची बाई. तिने पेन उचललं आणि थांबली. "कचरूदादा, काय केलं तर राहाल?"

कचरू गांगरला. "बसायला मिळालं तर," कसंबसं बोलला.

"आठवडाभर बसून बघा. शनिवारीही जायचंच म्हणाल तर सही करते."

सोमवारी उंच स्टूल आलं. कचरू बसला खरा, पण श्रीनिवास लांबून दिसला की ताडकन उभा! दिवसभरात चाळीसेक उठाबशा झाल्या, गुडघे टम्म सुजले. मंगळवारी त्याने मुकाट्याने स्टूल भिंतीला लावलं. शनिवारी सही घ्यायची, संपलं.

नीरजाने ते पाहिलं आणि श्रीनिवासला बोलावून घेतलं. बुधवारी तो स्वतः एक स्टूल घेऊन आला आणि सगळ्यांदेखत कचरूशेजारी बसला.

"बसा हो कचरूराव. मला बघून उभं राहायला मी काय राष्ट्रगीत आहे?"

सगळी रांग खो खो हसली. हसू ओसरल्यावर श्रीनिवास हळूच म्हणाला, "गुडघे माझेही दुखतात." कचरू बसला. त्या दिवशी तो पुन्हा उठला तो थेट जेवणाच्या सुट्टीत.

शनिवारी त्याने मॅडमकडून अर्ज परत मागून घेतला. आभार मानायचे म्हणून वाक्य जुळवून नेलं होतं, ते ऐनवेळी विसरला. नुसते हात जोडून आला.

घरी बायकोने, नंदाने विचारलं, "मग सोमवारपासून डबा बंद ना?"

"साठीपर्यंत भर," तो म्हणाला. "अगं, मला राहाल का म्हणून विचारलं त्यांनी." आणि इतका वेळ आवरलेलं रडू त्याने तिच्यापुढे मोकळं केलं.