शिडीबाईंच्या घरचे दोन फॉर्म

आमच्या पाहणी कार्यालयात त्यांना सगळे शिडीबाई म्हणतात. अकरा वर्षं त्या दारोदार जाऊन दहा पायऱ्यांच्या शिडीचं चित्र दाखवतात. "सगळ्यात वर श्रीमंत, सगळ्यात खाली गरीब. तुमचं घर कुठल्या पायरीवर?" लोक तोंडावर दार आपटतात, कुत्री मागे लागतात, बाई ढिम्म. मी शेजारच्या टेबलावर त्यांचे फॉर्म तपासतो, म्हणून छातीठोकपणे सांगतो, त्यांनी आजवर एकही फॉर्म मनाने भरलेला नाही.

या खेपेला तरुणांची पाहणी होती आणि यादीत नेमकं बाईंचंच घर आलं. दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून त्यांनीच जाऊन मुलांना विचारलं. मुलगी मोर्च्यांत घसा बसवून घेणारी. "व्यवस्थाच सडलीय," म्हणत तिने दुसऱ्या पायरीवर फुली मारली. धाकटा समोरच्या पक्षाची पत्रकं वाटतो. "मेहनत करणारा वर जातोच, रडे खाली राहतात," असं सुनावून त्याने आठवी पायरी पकडली. दोघांचं कपाट एकच, तेही मोडकं.

साहेबांनी फॉर्म पाहिले आणि भडकले. "एका घरात सहा पायऱ्यांचा फरक? घरबसल्या ठोकून दिलंत! बाई, तुमचं कंत्राट संपलं समजा."

दुसऱ्या दिवशी बाई दोन्ही पोरांना घेऊन हजर. साहेबांनी तोच प्रश्न विचारायचा अवकाश, कार्यालयात सभाच भरली.

"मूठभर लोक सगळं गिळतात, ते दिसत नाही तुला?"

"तुला सगळं फुकट हवंय, दुसरं काय!"

असलं भांडण कुणाला रचता येत नाही, हे साहेबांनाही कळलं. त्यांनी कानावर हात ठेवतच फॉर्म मंजूर केले.

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पडलो भोचक. विचारलं, "आणि तुमची आई एकटी धरली, तर कुठल्या पायरीवर?"

"पाचव्या!" दोघं एकदम म्हणाले. धाकटा पुढे म्हणाला, "कायमची नोकरी आहे तिची."

बाई फॉर्म पिशवीत भरत होत्या. "दर सहा महिन्यांनी नवं कंत्राट असतं," त्या म्हणाल्या. "आजारी पडले की पगार कापतात. काल तर नोकरी गेलीच होती."

आता पोरांचं भाषण येणार म्हणून मी सरसावून बसलो. पण मुलगी हळूच म्हणाली, "आई, कधी बोलली नाहीस."

"तुम्ही दोघं जेवताना मला बोलू कधी देता?"